घरातल्या कैदेचे चार चित्रपट आणि एक डिटेक्शन लिमिट

मागच्या महिन्यात एका रविवारी हॉस्टेलवर आम्ही पाचजणींनी मिळून ‘गर्ल इन द बेसमेंट’ पाहिला. लॅपटॉप खुर्चीवर, आम्ही खाली गादीवर, मध्ये भडंगाचं पातेलं. सिनेमा संपला तेव्हा भडंग जवळपास तसंच होतं. एक बाप स्वतःच्या मुलीला घराच्या तळघरात कोंडतो. वर घर नेहमीसारखं चालू राहतं आणि खाली वर्षांमागून वर्षं जातात. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकजण म्हणाली, “बाप रे! बरंय, असली माणसं आपल्याकडे नसतात.”

सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. पण रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण याच जातीचं वाक्य लॅबमध्ये बोललं तर मला ओरडा बसतो.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की मी विहिरींच्या पाण्यातले कीटकनाशकांचे अंश मोजते. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचं यंत्र कधीच पूर्ण गप्प बसत नाही. अगदी शुद्ध पाणी घातलं तरी पडद्यावरची रेघ बारीकशी थरथरत राहते. त्या थरथरीला आम्ही नॉइज म्हणतो. सॅम्पलमधून आलेला सिग्नल या नॉइजच्या साधारण तिप्पट असला, तरच ‘आहे’ असं म्हणायचं. या मर्यादेला म्हणतात लिमिट ऑफ डिटेक्शन. सिग्नल त्याच्या खाली असेल तर तक्त्यात शून्य लिहायचं नसतं. ‘डिटेक्शन लिमिटच्या खाली’ असं लिहायचं. पहिल्या वर्षी मी एका तक्त्यात सरळ शून्यं भरली होती. गाइडनी तो कागद परत माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “पाण्यात नाही हे तुला कुणी सांगितलं? तुझ्या यंत्राला दिसलं नाही, तेवढंच लिही.”

तर आजची पोस्ट विहिरींबद्दल नाही, सिनेमाबद्दल आहे. पण यंत्र तेच वापरणार आहे. घरातल्या कैदेवरचा प्रत्येक सिनेमा नकळत एक मर्यादा ठरवतो: क्रौर्य किती झालं की त्याची नोंद घ्यायची. माझं म्हणणं असं, की खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेले बरेचसे सिनेमे ही मर्यादा इतकी वर नेऊन ठेवतात की फक्त तळघरच दिसतं. त्याखालचं सगळं प्रेक्षकाच्या मनात शून्य म्हणून छापलं जातं, आणि मग आपण “आपल्याकडे नसतात” म्हणून झोपायला जातो. थोडेच सिनेमे ही मर्यादा खाली आणतात. चार उदाहरणं घेते.

पहिलं: तळघर

‘गर्ल इन द बेसमेंट’ (२०२१) हा अमेरिकेतल्या लाइफटाइम वाहिनीचा सिनेमा. दिग्दर्शिका एलिझाबेथ रोम, बापाच्या भूमिकेत जड नेल्सन. त्यामागचं खरं प्रकरण ऑस्ट्रियातल्या आम्सटेटन या गावातलं, २००८ च्या एप्रिलमध्ये उघडकीला आलेलं. तिथे बापाने आपल्या मुलीला १९८४ पासून २४ वर्षं घराखाली कोंडून ठेवलं होतं. तिला त्याच्यापासून सात मुलं झाली, त्यातलं एक जन्मल्यावर लगेच गेलं. २००९ मध्ये त्याला जन्मठेप झाली. नावं लिहीत नाही. त्या बाईला आणि मुलांना आता तरी नावाशिवाय राहू द्यावं.

सिनेमा वाईट बनवलाय असं नाही. श्वास कोंडतो, आणि तोच त्याचा हेतू आहे. पण पहिल्या काही मिनिटांतच बापाचा चेहरा बघून आपल्याला कळतं की हा राक्षस आहे. तिथून पुढे प्रश्न एकच उरतो, ती सुटणार कधी? कॅमेरा तळघरात खिळून बसतो.

खऱ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त हादरवणारी गोष्ट तळघरातली नाहीच. ती वरच्या मजल्यांवरची आहे. तीन मुलं खाली वाढली आणि तीन मुलं वर. मुलगी घर सोडून कुठल्याशा पंथात गेली आणि तान्ही मुलं दारात सोडून जाते, असं बापाने सांगितलं. ते मान्य झालं. समाजकल्याण खात्याची माणसं त्या घरी येऊन गेली. कागद व्यवस्थित होते. या माणसाला १९६७ मध्ये बलात्कारासाठी शिक्षा झालेली होती, पण तिथल्या कायद्याप्रमाणे ती नोंद मुदतीनंतर पुसली गेली होती. म्हणजे ज्यांनी तपासायचं त्यांच्याकडे तपासायला रकानाच नव्हता. त्याच इमारतीत भाडेकरूही राहत होते.

आणि हे फुटलं कसं? खाली वाढलेली मोठी मुलगी गंभीर आजारी पडली, तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांना तिच्या आजाराचा पूर्वेतिहास हवा होता, म्हणून त्यांनी आईने पुढे यावं असं टीव्हीवरून आवाहन केलं. खाली कोंडलेल्या आईने ते पाहिलं. चोवीस वर्षांत “हिची आई कुठे आहे?” हा प्रश्न कुणीतरी उत्तर मिळेपर्यंत लावून धरला, आणि दार उघडलं.

या प्रश्नावर एक अख्खा सिनेमा होऊ शकतो. ‘गर्ल इन द बेसमेंट’ला त्यात फारसा रस नाही. त्याला राक्षस हवा आहे, आणि राक्षस मिळाला की बाकी सगळे आपोआप निर्दोष सुटतात. प्रेक्षकसुद्धा.

दुसरं: खोली

‘रूम’ (२०१५) तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. लेनी अब्राहमसनचा सिनेमा, एमा डॉनह्यूने आपल्याच २०१० च्या कादंबरीवरून पटकथा लिहिलेली. ब्री लार्सनला यासाठी ऑस्कर मिळालं. कादंबरीची ठिणगी आम्सटेटनच्या बातमीतून पडली होती, हे लेखिकेने स्वतःच सांगितलं आहे.

इथे कोंडणारा बाप नाही, अनोळखी माणूस आहे. परसातली शेड, दाराला आकड्यांचं कुलूप, छताला एक खिडकी. आत आई आणि पाच वर्षांचा जॅक. रात्री तो माणूस येतो तेव्हा जॅक कपाटात असतो, आणि कॅमेराही बराचसा जॅकजवळच थांबतो. अत्याचार दाखवण्याचा मोह हा सिनेमा टाळतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. बाकीच्यांनी इथूनच शिकायला हवं. बघणाऱ्याला भीती कळण्यासाठी बाईचं शरीर पडद्यावर पसरून ठेवावं लागत नाही.

माझा आवडता प्रसंग सुटकेचा, पण गाडीतून उडी मारण्याचा नव्हे, त्यानंतरचा. जॅक पोलिसांच्या गाडीत बसलाय. आयुष्यात पहिल्यांदा बाहेर आलाय, त्याला धड बोलता येत नाही. पुरुष पोलिसाचा धीर सुटत चाललाय. बाई पोलीस मात्र छोटे छोटे प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट बघते. छताला खिडकी होती का? गाडी किती वेळा थांबली? त्या तुटक शब्दांतून ती जागा शोधून काढते. माझ्या भाषेत सांगायचं तर तिचं डिटेक्शन लिमिट खाली आहे. सिग्नल तोच होता, पण पुरुष पोलिसाला तो नॉइज वाटला.

सिनेमाचा अर्धा भाग सुटकेनंतरचा आहे, हेही फार महत्त्वाचं. आजोबांना नातवाकडे बघवत नाही. टीव्हीवरची मुलाखतकार आईलाच विचारते, मूल जन्मलं तेव्हा त्याला दवाखान्यात ठेवून यायला का नाही सांगितलंस? सगळं सोसलेल्या बाईकडेच हिशोब मागितला जातो. तिथून ती जी कोसळते, ते बघताना शेडमधल्या दृश्यांपेक्षा जास्त त्रास होतो.

एक तक्रार तरीही आहे. बापाच्या जागी अनोळखी माणूस आल्यावर गोष्टीतून ‘घर’च निघून जातं. आई-वडिलांचं घर मग परत येण्याची जागा होते. मूळ बातमीत नेमकं तेच घर तुरुंग होतं. लेखिकेला आई-मुलाच्या नात्याची गोष्ट सांगायची होती, त्यामुळे तिचा निर्णय समजू शकते. पण या बदलामुळे आपण आणखी एकदा सुटतो. अनोळखी माणसाची भीती आपल्याला लहानपणापासून शिकवलेली असतेच.

तिसरं: गल्ली

आता थोडं मागे, आणि तेहरानला. ‘सीब’, म्हणजे सफरचंद. १९९८ चा सिनेमा, दिग्दर्शिका समीरा मखमलबाफ, तेव्हा सतराच्या आसपासची. तेहरानच्या एका गरीब वस्तीत एका म्हाताऱ्याने आपल्या जुळ्या मुलींना जन्मापासून घरात कोंडून ठेवलं होतं. सुमारे अकरा वर्षं. मुलींना नीट बोलता येत नव्हतं, चालताना तोल जायचा. आई अंध. शेजाऱ्यांनी मिळून समाजकल्याण खात्याला अर्ज केला आणि बातमी झाली. समीरा काही दिवसांत कॅमेरा घेऊन तिथे पोचली. पडद्यावर त्या मुली, तो बाप आणि ती आई खरीखुरी तीच माणसं आहेत.

इथे राक्षस सापडत नाही. बाप गरीब आहे, भाविक आहे, रडतो. पेपरवाल्यांनी मी मुलींना साखळीने बांधलं असं छापलं, माझी बदनामी केली, म्हणून त्याला दुःख झालंय. त्याचं म्हणणं तो शांतपणे मांडतो. मुली फुलासारख्या, ऊन लागलं की कोमेजतील. बायकोला दिसत नाही. पोरांचा चेंडू अंगणात पडतो, पोरं भिंतीवरून आत येतात, त्यांनी मुलींना हात लावला तर अब्रू जाईल. या कारणांपैकी एकही आपण आयुष्यात कधी ऐकलेलं नाही, असं कुणी म्हणू शकेल का? मी नाही म्हणू शकत.

मग सरकारी कार्यकर्ती बाई येते. ती मुलींना बाहेर सोडते, बापालाच गजांच्या आत कोंडते आणि शेजाऱ्याकडून करवत आणून त्याच्या हातात देते. स्वतः लावलेले गज स्वतःच काप. बाहेर मुली आइस्क्रीमवाल्या पोराशी गोंधळ घालतात, दुसऱ्या मुलींशी खेळतात. वरच्या खिडकीतून एक पोरगा दोरीला सफरचंद बांधून खाली सोडतो आणि त्या ते पकडायला उड्या मारतात.

या दोरीपाशी मी सिनेमा थांबवला. कारण सांगते.

माझं लहानपण सांगलीतल्या एका जुन्या तीन मजली इमारतीत गेलं. वरच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. काका सकाळी कामाला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचे. काकू विसराळू आहेत, दार उघडं टाकतात, हे कारण सगळ्या इमारतीला माहीत होतं. भाजीवाली मावशी आली की काकू गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायच्या. आम्हा पोरांना त्याची प्रचंड गंमत. आम्ही पिशवीत बोरं, चिंचा घालायचो, वरून शेंगदाण्याच्या वड्या यायच्या. बाया म्हणायच्या, “सुखी आहे हो, बाजाराची कटकट नाही.” मी दहा वर्षांची असताना त्यांची बदली झाली आणि ते गेले.

सिनेमा अर्धवट ठेवून मी आईला फोन केला. विचारलं, आठवतात का त्या काकू? आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “कुलूप तर सगळ्यांनाच दिसायचं गं.”

‘सीब’बद्दल एक आक्षेप मात्र नोंदवलाच पाहिजे. ज्या मुलींना अजून धड शब्द सापडलेले नाहीत, त्यांनी कॅमेऱ्याला होकार कसा दिला असेल? नुकत्याच बाहेर आलेल्या मुलींना परत एका चौकटीत बसवायचा अधिकार कुणाला? सिनेमा फार माणुसकीने बनवलाय, तरी हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. एवढं मात्र खरं, की या चारांपैकी शेजाऱ्यांना गोष्टीचा भाग करणारा हाच एक सिनेमा आहे. ते उशिरा का होईना अर्ज करतात, आणि गोष्ट तिथून सुरू होते.

चौथं: कुलूपच नाही

‘प्रोव्होक्ड’ (२००६) हा जग मुंद्राचा सिनेमा. किरणजीत अहलुवालिया यांची खरी गोष्ट, भूमिका ऐश्वर्या रायची. पंजाबमधून लग्न होऊन इंग्लंडला आलेली मुलगी, दहा वर्षं नवऱ्याची मारहाण, धमक्या, बलात्कार. १९८९ च्या मे महिन्यात एका रात्री नवरा झोपलेला असताना त्यांनी पेट्रोल टाकून आग लावली. तो दवाखान्यात मेला. त्यांना खुनासाठी जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने लढा उभा केला आणि १९९२ मध्ये त्या सुटल्या.

सिनेमा म्हणून हा चौघांत बटबटीत आहे. तुरुंगातली मैत्रीण जरा जास्तच सोयीची, पार्श्वसंगीत जरा जास्तच रडकं. पण यात तळघर नाही, गज नाहीत, दारं उघडी आहेत आणि तरी ती कैदेत आहे. उलट तुरुंगात गेल्यावर तिला पहिल्यांदा मोकळं वाटतं. हे दाखवण्याची हिंमत या सिनेमात आहे.

खरी शिकण्याची गोष्ट मात्र शीर्षकात लपलीय. ‘प्रोव्होक्ड’ म्हणजे चिथावलेली. कायद्यात तेव्हा चिथावणीचा अर्थ होता अचानक, क्षणिक तोल सुटणं. बारमध्ये कुणी डिवचलं आणि बाटली उचलली, हे त्या व्याख्येत नीट बसतं. दहा वर्षं साठत गेलेलं बसत नाही, कारण मार खाणं आणि आग लावणं यांत काही तास गेले होते. अपिलात चिथावणीचा मुद्दा टिकला नाही. खटला परत चालवायचा आदेश झाला तो तीव्र नैराश्याच्या वैद्यकीय पुराव्यावर, आणि शेवटी मनाची जबाबदारी घेण्याची क्षमता कमी झाली होती या कारणावर सदोष मनुष्यवधाची कबुली स्वीकारली गेली. म्हणजे त्या सुटल्या खऱ्या, पण नोंद अशी झाली की बिघाड बाईच्या मनात होता. शीर्षक जो न्याय मिळाल्यासारखं सांगतं, तो कोर्टात तसा मिळालाच नव्हता.

विषशास्त्रात आम्ही दोन गोष्टी वेगळ्या मोजतो. एकदम घेतलेला मोठा डोस आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा जाणारा डोस. पहिल्याची चाचणी काही दिवसांत संपते. दुसऱ्यासाठी वेगळी चाचणी लागते, कारण त्यातला कुठलाही एक दिवस उचलून पाहिला तर फारसं काही दिसत नाही. त्या वेळच्या कायद्याकडे फक्त पहिली चाचणी होती. समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ च्या पुस्तकात या दुसऱ्या प्रकाराचा सविस्तर अभ्यास मांडला. पैसे, फोन, मैत्रिणी, कपडे, वेळ, सगळ्यावर हळूहळू ताबा. मारहाण असेलच असं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असा ताबा हाच गुन्हा ठरला.

मग आपल्याकडे?

आपल्याकडे एक यंत्र आहे, आणि ते मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून चालतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्यात बायकांना एक साधा प्रश्न विचारतात: बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर किंवा वस्तीबाहेर तुम्हाला एकटीने जायची मुभा आहे का? २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ४२ टक्क्यांनाच तिन्ही ठिकाणी एकटीने जाता येत होतं. लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा अनुभवली होती. आणि हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली नव्हती, कुणाला सांगितलंही नव्हतं.

या सगळ्या घरांत तळघर आहे, असं मी म्हणत नाहीये. परवानगी विचारावी लागणं आणि चोवीस वर्षं कोंडलं जाणं यांना एकाच मापात तोलणं चूक होईल, आणि आम्सटेटनच्या त्या बाईवर तो अन्याय होईल. पण दोन्ही ठिकाणी चालणारी कारणं तपासा. सुरक्षितता, अब्रू, विसराळूपणा, घरगुती बाब. कारणं तीच आहेत, प्रमाण वेगळं आहे. ज्या सिनेमात फक्त शेवटचं टोक दिसतं, तो आपल्याला मधलं काही ओळखायला शिकवत नाही.

एक गोष्ट मला ही पोस्ट लिहायला घेईपर्यंत माहीत नव्हती, तुम्हालाही कदाचित नसेल. आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त मारहाणीपुरता नाही. मानसिक आणि आर्थिक छळही त्यात येतो. आणि त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे घरातल्या बाईनेच तक्रार करावी असं बंधन नाही. हिंसा होतेय असं मानायला कारण असेल तर कुणीही, शेजारीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्भावनेने कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइनही आहे. अर्थात फोन करण्याआधी शक्य असेल तर त्या बाईशी बोलावं. तिच्या मागे परस्पर काही केलं तर मार तिलाच बसू शकतो.

गेल्या रविवारी मी हॉस्टेलवर ‘सीब’ लावला. त्याच पाचजणी, यावेळी चिवडा. संपल्यावर तीच मैत्रीण जरा वैतागून म्हणाली, “पण यात गुन्हेगार नक्की कोण?” मेस बंद होईपर्यंत आमचं भांडण चाललं. बाप, गरिबी, धर्म, गल्ली, अकरा वर्षं अर्ज न करणारे शेजारी, सगळ्यांची नावं घेऊन झाली. आपल्याकडे असं नसतं, हे मात्र कुणी म्हणालं नाही.

सांगलीच्या त्या काकूंबद्दल मला आजही काही सिद्ध करता येणार नाही. कदाचित त्या खरंच विसराळू असतील. पण इतकी वर्षं मी त्या रकान्यात शून्य धरून चालले होते, ते खोडलंय.

तुम्हाला असा एखादा सिनेमा आठवत असेल, विशेषतः मराठीतला, तर नक्की सांगा. पुढच्या वेळी परत विहिरींकडे.